युरॉलॉजिस्ट फक्त मुतखड्याचा डॉक्टर नसतो भाऊ

आपल्याकडं विदर्भात युरॉलॉजिस्ट म्हटलं की डोक्यात एकच गोष्ट येते, मुतखडा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, माणूस दिवसभर वावरात, पाणी पिणं कमी, त्यामुळं खडे भरपूर, मग नागपूर नाहीतर अमरावती नाहीतर वर्ध्याजवळची सावंगी गाठायची, दुर्बिणीनं खडा काढून आणायचा, झालं. घरात म्हातारा माणूस असला तर प्रोस्टेट. पण त्याच डॉक्टरच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ असते, पुरुष वंध्यत्व आणि लैंगिक समस्या, आणि ती ओळ लोक वाचून न वाचल्यासारखी करतात. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. ती ओळ सोडून पुढं गेलेले सगळे कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतात, गिऱ्हाईक कमी व्हायची वाट पाहत बाजूला मोबाईल चाळत उभे राहतात आणि मग हळूच, "भाऊ, ते ताकदीचं काही हाये का तुमच्याकडं?"

मी डॉक्टर नाही, फार्मसी केलेला माणूस आहे. पण इतकी वर्षं चिठ्ठ्या वाचून, रिपोर्ट पाहून आणि डॉक्टर लोकांना विचारून जे कळलं ते लिहितोय, कारण कमरेखालची तक्रार घेऊन माणूस आधी दहा ठिकाणी फिरतो आणि ज्यानं याच गोष्टीसाठी आयुष्याची बारा वर्षं घातली त्याच्याकडं सगळ्यात शेवटी जातो, पैसे संपल्यावर.

बारा वर्षं मी उगाच म्हणत नाही, हिशेब करा. बारावीनंतर एमबीबीएस, साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग परत परीक्षा आणि तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस, म्हणजे हर्निया, अपेंडिक्स, अपघात, रात्रपाळ्या, सगळं. त्यानंतर अजून एक देशपातळीवरची परीक्षा, त्यातून सीट मिळाली तर तीन वर्षं एमसीएच युरॉलॉजी, नाहीतर त्याच तोडीचं डीआरएनबी. मधी सरकारी बाँड आणि परीक्षेची तयारी धरली तर तिशी सहज ओलांडते. त्यातही ज्याला पुरुषांच्याच प्रश्नांत रस आहे तो पुढं अँड्रॉलॉजी आणि मायक्रोसर्जरी वेगळी शिकतो, म्हणजे मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक धाग्यानं नळी जोडणं वगैरे. आणि हायवेवरच्या तंबूत जडीबुटीच्या बरण्या मांडून बसलेल्याला "कुठं शिकले हो तुम्ही" हे विचारायची हिंमत आपल्यातला एकही करत नाही, उलट तो मागेल तेवढे पैसे देऊन येतो. भिंतीवर "मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज" म्हणून जे रंगवलेलं असतं ना, त्या जाहिरातीच बेकायदेशीर आहेत, १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे त्यासाठी, लैंगिक ताकद वाढवायच्या औषधाची जाहिरात करता येत नाही. भिंती मात्र रंगलेल्याच आहेत.

एक गोंधळ आधीच मोकळा करतो. "गुप्तरोग" या एका गाठोड्यात आपण सगळं कोंबतो. संबंधानंतर जखम झाली, पू येतोय, पुरळ आलं, तर ते बहुतेक वेळा संसर्गाचं काम असतं, त्यासाठी त्वचारोग आणि गुप्तरोगाचा डॉक्टर, आणि सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं तपासणी आणि औषध फुकट मिळतं. ताठरता, वीर्य, मूल न होणं, अंडकोषाची सूज, नसबंदी किंवा ती उलटी जोडणं, लिंगाला बाक येणं, हे युरॉलॉजिस्टचं. मन खचलेलं असेल, भीती असेल, तर मानसोपचारवाला डॉक्टर सोबत लागतो, आणि चांगला युरॉलॉजिस्ट स्वतःच तसं लिहून देतो.

आता मूल न होण्याचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथंच होते. लग्नाला दोन वर्षं झाली की सासू सुनेला घेऊन निघते. आधी देवधरम, मग बाईची सोनोग्राफी, हार्मोनच्या तपासण्या, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायचा एक्सरे, काही ठिकाणी तर पोटात दुर्बीण घालूनही पाहून होतं, आणि इकडं पोरगा ठणठणीत, चौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला, त्याची एक तपासणी नाही. "आमच्या पोट्ट्यात काही खोट नाई." आता आकडा ऐका, ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यातल्या जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा बाईच्या कारणासोबत. आणि पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात स्वस्त, ना सुई ना चिरा. वर्षभर नियमित संबंध ठेवून राहिलं नाही तर दोघांनीही तपासायचं असा नियम आहे, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच.

वीर्य तपासणीचा रिपोर्ट वाचता आला तर अर्धी भीती जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला नवीन आकडे काढले, त्यात वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढं पोहणारे ३० टक्के, आणि आकार बरोबर असलेले ४ टक्के, ही खालची रेघ. ते चार टक्के पाहून लोकांची झोप उडते, "भाऊ माझे ९६ टक्के खराब निघाले!" अरे, बाप झालेल्या माणसांचे तपासले तरी बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच निघतात, ४ टक्के असले तरी नॉर्मल. आणि ही रेघ आली कुठून? ज्यांच्या बायका वर्षाच्या आत गरोदर राहिल्या अशा माणसांचे रिपोर्ट घेतले, त्यातले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथं सुरू होतात तिथं रेघ मारली. म्हणजे रेघेखाली असलेले लोकही बाप झालेले आहेत. रेघेखाली आला म्हणजे शक्यता कमी आणि वेळ जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

अजून एक, एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन बंद ठेवून सॅम्पल द्यायचं, ते तासाभराच्या आत पाहिलं गेलं पाहिजे, सॅम्पलचा पहिला भाग सांडला असेल तर लॅबवाल्याला सांगायचं, कारण जास्तीत जास्त शुक्राणू त्याच भागात असतात. मग काही आठवड्यांनी परत एक. आणि डेंगू, टायफॉईड असा जोरदार ताप येऊन गेला असेल तर काउंट पडतो, तेव्हा तीन महिने थांबायचं. तीनच महिने का, तर एक शुक्राणू अंडकोषात तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढच्या नळीत पिकून बाहेर यायला अजून दहा-पंधरा दिवस. आजच्या रिपोर्टमध्ये जे दिसतं ते पिकलंय दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीवर. म्हणून औषध सुरू केलं आणि पंधरा दिवसांत परत रिपोर्ट काढला तर त्यात काही बदलणार नाही, पैसे मात्र जातात. रिपोर्टमध्ये "पस सेल" लिहून आले की अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स चालतात हे मी चिठ्ठ्यांवर नेहमी बघतो. त्या गोल पेशी प्रत्येक वेळी पूच्या नसतात, कच्चे शुक्राणूही गोलच दिसतात, ते वेगळे ओळखायला विशेष रंग लावून बघावं लागतं.

युरॉलॉजिस्ट मात्र रिपोर्टवर थांबत नाही, हातानं तपासतो, आणि इथंच पोरं लाजतात. त्याच्याकडं वेगवेगळ्या आकाराच्या अंडाकृती मण्यांची एक माळ असते, अंडकोषाचा आकार त्या मण्यांशी ताडून बघतो. शुक्राणू वाहून नेणारी नळी दोन्ही बाजूंना बोटाला लागते का ते बघतो. काही पोरांत ती नळी जन्मतःच नसते, शुक्राणू आत तयार होतात पण बाहेर यायला रस्ता नाही, आणि हे सोनोग्राफीआधी अनुभवी बोटांना कळतं. मग उभं करून खोकायला लावतो, अंडकोषाच्या वर फुगलेल्या नसांचा गुच्छ लागतो का ते पाहायला. त्याला वेरिकोसिल म्हणतात, साधारण १५ टक्के पुरुषांत असतं आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत त्याच्या दुपटीहून जास्त. बहुतेक डाव्या बाजूला, कारण डावीकडची नस वर चढून किडनीच्या नसेला काटकोनात मिळते, रस्ता लांब, झडपा कमजोर पडल्या की रक्त उलटं खाली साचतं आणि अंडकोष गरम राहतो. अंडकोष शरीराबाहेर लटकवलाय तोच यासाठी, त्याला पोटापेक्षा दोन ते चार डिग्री थंडावा लागतो. हाताला लागणारं वेरिकोसिल, खराब रिपोर्ट आणि मूल हवंय, हे तिन्ही जुळलं तर मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करतात, बऱ्याच जणांचा काउंट सुधारतो, सगळ्यांचा नाही. नुसतं सोनोग्राफीवर बारीकसं दिसलं, हाताला काही लागत नाही, तर ऑपरेशनचा फायदा नसतो. कोणी घाई करत असेल तर दुसरा डॉक्टर विचारा.

शून्य काउंटवर लोक कोसळतात. रिपोर्टवर "निल" लिहिलं की संपलं असं वाटतं. पण निलचे दोन प्रकार आहेत, आणि तो फरक काढणं हे या डॉक्टरचं मुख्य कसब. एकात माल तयार होतोय पण वाट बंद, जुना संसर्ग, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये लागलेली नळी, जन्मतः नळी नसणं. दुसऱ्यात अंडकोषातच बनत नाही, कधी गालगुंडात अंडकोष सुजून गेलेला असतो, कधी लहानपणी अंडकोषाची गोळी खाली उतरलेली नसते, कधी एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं, साधारण सहाशे पुरुषांत एक असा असतो आणि बऱ्याच जणांना मूल होईना म्हणून तपासल्यावरच कळतं. एफएसएच नावाची रक्ताची तपासणी, वीर्याचं प्रमाण, अंडकोषाचा आकार यावरून अंदाज येतो. वाट बंद असेल तर काहींची जोडता येते. बनतच नसेल तरी अंडकोष उघडून मायक्रोस्कोपखाली एकेक नळी बघत एखाद्या कोपऱ्यात शुक्राणू सापडतो का ते शोधतात, जवळपास निम्म्या जणांत सापडतात. आणि एकेक शुक्राणू पुरतो, कारण १९९२ ला ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईनं सरळ स्त्रीबीजात सोडून गरोदरपण आणायची पद्धत जगासमोर मांडली, तिला इक्सी म्हणतात, आज नागपुरातही होते. खर्च मोठा असतो हे खरं आहे आणि पहिल्या झटक्यात यश येईलच असं नाही हेही.

जिमवाल्या पोरांसाठी वेगळं लिहितो कारण ही नवीन भानगड तालुक्यापर्यंत आलीय. बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतात, वाटतं की पुरुषाचं हार्मोन आहे तर मर्दानगी वाढेल. होतं उलटं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू म्हणतो माल भरपूर आहे, आणि अंडकोषाला काम करायचा निरोपच पाठवणं बंद करतो. शुक्राणू बनायला अंडकोषाच्या आत जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तापेक्षा कित्येक पटीनं जास्त असतं, ते आतच तयार व्हावं लागतं. म्हणून दंड भरलेले आणि काउंट शून्य, अशी पोरं युरॉलॉजिस्टसमोर बसलेली असतात. इंजेक्शन बंद करून, दुसरी औषधं देऊन बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. मूल हवं असलेल्या माणसाला काउंट वाढवायला टेस्टोस्टेरॉन कोणी लिहून देत असेल तर तिथून उठा.

फवारणीचं लोक विचारतात. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार, मजूर गेले ते आपण विसरलेलो नाही. शुक्राणूंवर म्हणाल तर एक जुनं पक्कं उदाहरण आहे, १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं कीडनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाहीये, तपासलं तर अनेकांचा काउंट शून्य नाहीतर अगदी कमी. दोनच वर्षांत अमेरिकेनं ते जवळपास बंद केलं. आपल्या दुकानात मिळणारं प्रत्येक औषध तसंच आहे असं मी म्हणत नाहीये, पण उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, आणि डॉक्टरला कामधंदा सांगा, कारण भट्टीसमोर, बॉयलरपाशी उभं राहणं, वीटभट्टी, सतत ट्रक चालवणं, हे सगळं त्याला माहीत पाहिजे असतं.

आता ताठरता. माझ्या काउंटरवरचा हा खरा धंदा, खोटं कशाला बोलू.

लिंगात हाड नाही, दंडासारखा मसल नाही, सगळा खेळ रक्ताचा आहे. मेंदूतून इशारा आला की नसांच्या टोकातून नायट्रिक ऑक्साईड सुटतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त आत भरतं आणि भरता भरता बाहेर जायचे रस्ते दाबले जाऊन बंद होतात. विहिरीवरच्या पंपासारखं समजा, लाईन पाहिजे, पाईप मोकळा पाहिजे आणि फूटव्हॉल्व्ह धरून ठेवणारा पाहिजे, तिन्हीतलं काहीही बिघडलं तरी शेवटी तक्रार एकच, पाणी येत नाही. म्हणून सगळ्यांना एकच गोळी चालत नाही आणि म्हणून डॉक्टर विचारतो की सकाळी उठताना ताठरता असते का. सकाळी येत असेल आणि बायकोजवळ गेल्यावर जात असेल तर पाईप बहुतेक बरा आहे, गडबड टेन्शनची आहे. सकाळचीही हळूहळू गेली असेल तर शुगर, बीपी, चरबी, खर्रा, इकडं बघावं लागतं.

आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लिंगाची रक्तवाहिनी एक ते दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन ते चारची. चरबी सगळीकडं सारखीच साचते, मग आधी कोणती तुंबणार? बारीकवाली. म्हणूनच बऱ्याच जणांत ताठरता कमी होणं हे हार्ट अटॅकच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसतं. चाळिशीतला माणूस लाजत लाजत ही तक्रार घेऊन आला तर युरॉलॉजिस्ट त्याची शुगर, लिपिड, ईसीजी काढायला लावतो, आणि माणूस चिडतो की "मी आलो कायले अन् हे तपासतात काय". अनेकांची शुगर पहिल्यांदा अशीच सापडते.

ताठरतेच्या गोळीचा इतिहास मजेशीर आहे. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मुळात छातीच्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी करून पाहत होते, इंग्लंडात, छातीला फार फायदा दिसेना पण घेणाऱ्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साईडच्या शोधाला नोबेल मिळालं. त्याआधीचा किस्सा तर अजून भारी. १९८३ ला लास वेगासमध्ये युरॉलॉजिस्ट लोकांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली नावाचा इंग्रज संशोधक ट्रॅकपँट घालून स्टेजवर आला, हॉटेलच्या खोलीतच स्वतःच्या लिंगात औषधाचं इंजेक्शन घेऊन आला होता, आणि भाषण करता करता सगळ्यांसमोर पँट खाली करून दाखवलं की बघा, मनात काही नसतानाही नुसत्या औषधानं ताठरता येते. समोर डॉक्टरांच्या बायकाही बसलेल्या होत्या म्हणतात. पण त्या दिवसानंतर हा सगळा मनाचाच रोग आहे असं म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली, आणि आजही गोळी लागू पडली नाही तर ते इंजेक्शन हा एक इलाज आहेच. तेही चाललं नाही तर व्हॅक्यूम पंप, आणि शेवटी ऑपरेशन करून आत बसवायचं इम्प्लांट. परदेशी इम्प्लांट फार महाग पडतं, मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांनी परवडेल असं भारतीय इम्प्लांट तयार केलं, ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

गोळीबद्दल दुकानदार म्हणून दोन गोष्टी. एक, ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि हृदयाची सॉर्बिट्रेट किंवा कोणतीही नायट्रेटची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की माणूस उठत नाही. आणि गोळी घेतलेली असताना छातीत दुखलं तर दवाखान्यात लाज सोडून सांगायचं की मी हे घेतलंय, म्हणजे ते जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणार नाहीत. दुसरी, "शुद्ध आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांत हेच सिल्डेनाफिल मिसळलेलं वेळोवेळी पकडलं गेलंय. ज्याला हार्टचा त्रास आहे आणि तो जडीबुटी समजून घेतोय, त्याचं काय होईल विचार करा.

धातूचं थोडक्यात. लघवीतून पांढरं जातं, स्वप्नात वीर्य गेलं, हस्तमैथुन केलं म्हणून कंबर दुखते, गाल बसले, अशी भीती घेऊन येणारी पोरं इतकी असतात की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्येच याला धात सिंड्रोम असं नाव देऊन ठेवलंय. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य वगैरे काही नसतं, वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेटचं पाणी असतं, ते रोज बनतं, शुक्राणू त्यात दोन ते पाच टक्के. लघवी पांढुरकी दिसणं हे पुष्कळदा नुसते क्षार असतात. आणि लवकर पडतं म्हणून रडणाऱ्यांसाठी, २००५ ला पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन मोजलं होतं, मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. मोबाईलवर अर्धा-अर्धा तास चालणारं पाहून स्वतःला मोजू नका. सुरुवातीपासूनच मिनिटाच्या आसपास होत असेल आणि त्रास होत असेल तर त्याला औषध आहे, सराव आहे, होतो कमी.

नसबंदीवर लिहिलं तर भांडणं होतात तरी लिहितो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात बाईची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषाची ०.३ टक्के. बाईचं पोट उघडावं लागतं, पुरुषाची चीनच्या ली शुनकियांग यांनी १९७४ ला काढलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीनं पंधरा-वीस मिनिटांत होते, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. "वावरातलं काम होत नाही मंग" हे चूक आहे, आठवडाभर जड उचलायचं नाही एवढंच. अंडकोष, हार्मोन, ताठरता, वीर्याचं प्रमाण, कशाला धक्का नाही. एकच गोष्ट लोक विसरतात, लगेच भरवसा ठेवायचा नाही, तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्य तपासून शून्य आलं की मोकळं.

आता आपल्या भागाचे तीन प्रकार, हे पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडत नाहीत.

हायड्रोसील. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे, क्युलेक्स डासातून जंतू शिरतो, पाय सुजतो तसाच अंडकोषात पाणी भरतं, आणि माणूस वर्षानुवर्षं सैल धोतरात, बर्मुड्यात ते लपवतो, बायकोजवळ जाणं बंद, लग्नकार्यात जाणं बंद. घरोघरी ज्या हत्तीरोगाच्या गोळ्या समोर उभं राहून खाऊ घालतात (आणि आपण त्या खिशात घालतो) त्यांनी रोग पसरणं थांबतं, भरलेलं पाणी उतरत नाही. सुईनं पाणी काढलं तर परत भरतं, वर पू व्हायचा धोका. ऑपरेशन मात्र छोटं असतं, सरकारी दवाखान्यात होतं, त्याला युरॉलॉजिस्टच पाहिजे असंही नाही, साधा सर्जन करतो. फक्त न दुखणारी कडक गाठ अंडकोषातच असेल, आणि वय पंधरा ते चाळीसच्या मधलं असेल, तर सोनोग्राफी करून घ्या, तो कॅन्सर असू शकतो, आणि वेळेत आला तर बहुतेक पूर्ण बरा होतो.

दुसरं सिकलसेल, रक्तातल्या पेशी वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, कार्ड असलेली पोरं गावोगावी आहेत. हातपाय दुखतात, रक्त कमी होतं हे सगळ्यांना माहीत, पण हे कोणी सांगत नाही की वाकड्या झालेल्या पेशी लिंगातही अडकतात, ताठरता येते आणि उतरतच नाही, इच्छा नसताना, दुखत. चार तासांच्या वर गेलं तर आतलं मांस ऑक्सिजनवाचून मरायला लागतं आणि पुढं कायमची ताठरता जाते. पोरगं लाजेनं आईला सांगत नाही, गोधडी घेऊन पडून राहतं. इलाज साधा आहे, सुईनं साचलेलं रक्त काढून औषध सोडतात, पण तो वेळेत झाला पाहिजे. सिकलसेलच्या मुलाच्या बापानं हे त्याला वयात येताना सांगून ठेवावं, आशाताईकडून अपेक्षा करू नये, तिला बिचारीला ते बोलणं जमत नाही.

तिसरं अंडकोषाच्या गोळीला पीळ पडणं, यात तर घड्याळ हातात घेऊन बसायचं काम आहे. बारा ते अठराचा पोरगा, अचानक एका बाजूला जोरात दुखतं, उलट्या होतात, पोरगा म्हणतो "पोट दुखते", कारण खालचं सांगायची लाज. रक्त बंद झालेलं असतं. सहा तासांच्या आत उघडून पीळ सोडवला तर दहातल्या नऊ जणांची गोळी वाचते, बारा तासांवर निम्म्यांची, दिवस उलटला की जवळपास कोणाचीच नाही. रात्रभर शेक द्यायचा आणि सकाळच्या एसटीनं जायचं असं केलं तर गेलीच. आणि इथं नागपूरचा युरॉलॉजिस्ट शोधत बसू नका, भामरागड-सिरोंचाकडून निघालात तर रस्त्यातच वेळ जाईल, जवळात जवळ जिथं सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर आहे तिथं घाला, तो उघडून दोन्ही बाजू टाके घालून पक्क्या करतो म्हणजे दुसरी पिळत नाही.

बाकी सावकाशीच्या गोष्टींसाठी नागपूर मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, सावंगी, अमरावतीचं सुपर स्पेशालिटी इथं युरॉलॉजी विभाग आहेत, ओपीडीचे वार आधी फोन करून विचारा, नाहीतर चक्कर फुकट. जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं सांगू नका, पाकिटंच न्या), शुगर-बीपीची वही, आणि मूल न होण्याचं असेल तर बायकोला सोबत न्या, तिची फाईलही. केसपेपर काढताना "काय त्रास" विचारलं आणि मागं गर्दी असली तर नुसतं "युरॉलॉजी" म्हणा, तेवढं पुरतं. ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजनेत ते बसतं का हे भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा, राशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, आणि खर्रा त्या दिवशी तरी घरी ठेवून जा, कारण तोंड उघडल्यावर डॉक्टर आधी त्याच्यावरच बोलतो.